फूड सेफ्टीत पीएच.डी. करून प्राध्यापक व्हावं का? तेवीस वर्षं शिकवल्यावरचं माझं मत

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. मायक्रोबायोलॉजीत एम.एस्सी. झालंय, अन्नसुरक्षेवर काम करणाऱ्या लॅबमध्ये पीएच.डी.ची जागा मिळतेय आणि पुढं शिकवायची इच्छा आहे. पण मित्र म्हणतात, "हे हात धुवा छापाचं शास्त्र आहे, त्यापेक्षा कॅन्सर किंवा जीन एडिटिंगकडं जा." शिवाय शिकवणं आणि संशोधन एकत्र जमतं का, आणि कंपन्यांबरोबर काम करताना आपलं मत आपलं राहतं का, हेही तुम्ही विचारलंय.

मित्रांच्या हात धुण्यापासूनच सुरुवात करते, कारण माझा पहिला प्रॅक्टिकल तोच असतो. अगारच्या, म्हणजे जिवाणू वाढवायच्या जेलीसारख्या माध्यमाच्या, एका प्लेटवर न धुतलेल्या हाताची बोटं टेकवायची, दुसऱ्या प्लेटवर साबणानं धुतलेल्या हाताची. दुसऱ्या दिवशी इन्क्युबेटर उघडला की वर्गात कुजबुज सुरू होते. बऱ्याच जणांच्या 'धुतल्यानंतर'च्या प्लेटवर कॉलन्या, म्हणजे जिवाणूंच्या वाढीचे ठिपके, जास्त दिसतात. दरवर्षी दोघं-तिघं गुपचूप लेबलं बदलतात. एका वर्षी एक मुलगी प्लेट ओढणीखाली धरून माझ्या टेबलाशी आली आणि म्हणाली, "मॅडम, माझी बिघडली. पुन्हा करू?"

बिघडली नव्हती. धुताना चोळल्यामुळं त्वचेच्या खोबणीत कायम राहणारे जिवाणू सैल होऊन वर येतात, आणि ओल्या बोटावरून प्लेटवर जास्त उतरतात. बाहेरून चिकटलेले, आजार करू शकणारे जिवाणू मात्र धुण्यानं खरोखरच बरेचसे जातात. पण या प्लेटवर दोघांची मोजणी एकाच आकड्यात होते. म्हणजे आपण विचारलं एक आणि मोजलं दुसरंच. मी त्या मुलीची प्लेट प्रोजेक्टरखाली ठेवली आणि तास त्यावरच घेतला. तुमच्या मित्रांना सांगा, हात धुण्यावरही एक तास कमीच पडतो.

या विषयातलं सगळ्यात अवघड वाक्य अन्नाच्या तपासणीच्या रिपोर्टच्या शेवटी असतं: रोगकारक जिवाणू '२५ ग्रॅममध्ये आढळला नाही.' ते नीट वाचायला शिकणं आणि शिकवणं यातच माझी सगळी नोकरी खर्ची पडली, असं म्हटलं तरी चालेल. पद्धत ऐकायला सोपी आहे. २५ ग्रॅम नमुना २२५ मिली ब्रॉथमध्ये, म्हणजे जिवाणू वाढवायच्या द्रवात, टाकायचा, जखमी जिवाणूंना सावरायला वेळ द्यायचा, मग निवडक माध्यमात वाढवून प्लेटवर घ्यायचं. त्या २५ ग्रॅममध्ये एखादीच जिवंत पेशी असेल तरी ती सापडावी, अशी सगळी रचना. पण ती पेशी शेजारच्या पाकिटात असेल तर?

हे मी फळ्यावर करून दाखवते. समजा, एका बॅचमधल्या दर शंभर पाकिटांपैकी एक दूषित आहे. त्यातली पाच पाकिटं तपासली तर पाचही स्वच्छ निघण्याची शक्यता ०.९९ चा पाचवा घात, म्हणजे ९५ टक्के. बरं, साठ तपासू. तरीही जवळजवळ ५५ टक्के वेळा ही बॅच 'आढळला नाही' म्हणून पास होणार. वर्गात इथं हमखास कुणीतरी विचारतं, "मग तपासायचं कशाला?" या प्रश्नाची मी वाटच बघत असते. १९६० च्या दशकात पिल्सबरी ही अन्नपदार्थांची कंपनी, नासा आणि अमेरिकी लष्कराची नेटिक इथली प्रयोगशाळा अंतराळवीरांसाठी अन्न बनवायला बसली, तेव्हा तेही इथंच अडकले होते. तयार मालाची खात्री पटेपर्यंत तपासणी करायची तर बहुतेक माल तपासणीतच संपणार. म्हणून त्यांनी लक्ष तयार मालावरून प्रक्रियेवर नेलं: धोका कुठं शिरतो, कुठल्या टप्प्यावर तो अडवता येतो, तिथं तापमान आणि वेळ किती हवी, आणि त्याची नोंद कोण ठेवतो. आज सगळीकडं ज्याला हॅसप म्हणतात ती पद्धत यातून आली. तपासणी राहिली ती ही व्यवस्था नीट चाललीय की नाही, हे पडताळण्यापुरती.

हे फक्त वर्गातलं गणित नाही. २०११ मध्ये जर्मनीत ई. कोलाय या जिवाणूच्या ओ१०४:एच४ प्रकाराची साथ आली. ३,८०० हून अधिक लोक आजारी पडले आणि ५० हून जास्त दगावले. सुरुवातीला बोट स्पेनच्या काकड्यांकडं गेलं, कारण काही काकड्यांवर विष तयार करणारा ई. कोलाय सापडला होता. पण तो या साथीचा नव्हता, प्रकारच वेगळा निघाला. तोवर शेतकऱ्यांचा माल सडून गेला होता. खरा माग लागला तो मेथीच्या मोडांचा. तो लागला रुग्णांनी काय खाल्लं याच्या चौकशीतून आणि बियाणं कुठून कुठं गेलं याच्या व्यापारी कागदांतून. संशयित बियाण्यांच्या नमुन्यांत मात्र तो जिवाणू काही वेगळा काढता आला नाही. एकाच प्रकरणात 'सापडला' हे चुकीच्या दिशेनं घेऊन गेलं आणि 'सापडला नाही' हे निर्दोष ठरवायला अपुरं पडलं. लूप (जिवाणू उचलायची तारेची कडी) आणि प्लेट येणारा माणूस जगाला हवाच आहे, पण आपल्या प्लेटचं वजन किती हे ओळखणारा जास्त हवा आहे.

आता पीएच.डी.बद्दल. माझा जिवाणू लिस्टेरिया मोनोसायटोजिनिस. १९२६ मध्ये केंब्रिजला प्रयोगशाळेतले ससे मरू लागले तेव्हा त्याचं पहिलं नीट वर्णन झालं. तो अन्नातून माणसापर्यंत येतो याचा पक्का पुरावा मात्र १९८१ मध्ये कॅनडाच्या नोव्हा स्कोशियातल्या साथीत मिळाला. कोबीच्या कोशिंबिरीतून आलेली साथ ती. कोबीच्या शेतात लिस्टेरियानं आजारी मेंढ्यांचं खत पडलं होतं आणि पीक महिनोनमहिने थंड गोदामात ठेवलं होतं. बहुतेक जिवाणू ज्या थंडीत वाढायचे थांबतात त्या थंडीत हा सावकाश वाढत राहतो. मधली ५५ वर्षं मेंढ्यांचा आजार पशुवैद्यांना माहीत होता, माणसांचा डॉक्टरांना माहीत होता, फक्त मधलं ताट कुणी बघितलं नव्हतं. मला या विषयाची ओढ लागली ती या गोष्टीनं. शेत, यंत्र, थंड खोली, आतडं आणि संख्याशास्त्र हे सगळं एकाच प्रश्नात येतं, आणि कुठल्याच एका विभागाला तो पूर्ण आपला वाटत नाही.

रोजचं काम मात्र संथ असतं. लिस्टेरियाचा नमुना सोमवारी लावला तर हाफ फ्रेझर ब्रॉथ ३० अंशाला एक दिवस, मग फ्रेझर ३७ अंशाला एक दिवस, मग प्लेट एक ते दोन दिवस, मग खात्रीच्या चाचण्या. म्हणजे आठवडा गेला. नवीन विद्यार्थी उत्साहानं गुरुवारी नमुने आणतात आणि रविवारी लॅबमध्ये एकटेच बसलेले दिसतात. पण त्या कंटाळ्यात काही क्षण असे येतात की त्यांच्यासाठी थांबावंसं वाटतं. २५ अंशाला वाढवलेल्या लिस्टेरियाचा लटकता थेंब सूक्ष्मदर्शकाखाली बघा. दांडके सरळ पोहत नाहीत, कोलांट्या मारत जातात. तेच कल्चर ३७ अंशाला वाढवलं की जवळजवळ गप्प. मऊ अगारमध्ये सुईनं टोचलं तर वरच्या बाजूला छत्री उघडल्यासारखी वाढ दिसते. पहिल्यांदा ती छत्री बघितली त्या संध्याकाळी मी घरी उशिरा गेले होते.

आणि फजिती. पीएच.डी.च्या दुसऱ्या वर्षी मी उष्णतेला जिवाणू किती टिकतो ते मोजत होते. काचेच्या नळ्या गरम पाण्यात ठेवायच्या, ठरावीक वेळानं काढायच्या आणि जिवंत किती उरले ते मोजायचं. आलेख आधी नीट खाली येई आणि शेवटी आडवा होई. काही पेशी मरतच नव्हत्या. मला वाटलं, उष्णता पचवणारा वेगळा गट सापडला. सात महिने मी त्या शेपटीमागं होते. सेमिनारमध्ये सांगितलं, लेखाची प्रस्तावनाही लिहून ठेवली. गाईड एकदा सहज लॅबमध्ये आले, वॉटर बाथकडं बघितलं आणि म्हणाले, "नळीची मान पाण्याबाहेर का आहे?" ढवळताना थोडे थेंब नळीच्या मानेला चिकटत होते. तिथं गरम पाणी पोचतच नव्हतं, त्यामुळं तिथले जिवाणू आरामात बसले होते. पूर्ण बुडवलेल्या नळ्या घेतल्यावर शेपूट गेली आणि माझा शोधही गेला. हाच किस्सा मी दरवर्षी सांगते, त्यामुळं ते सात महिने अगदीच वाया गेले असं म्हणवत नाही. (त्या वेळी म्हटलं होतं. आणि बरंच काही म्हटलं होतं.)

विषय निवडताना एक सांगते. यंत्र बघून विषय घेऊ नका. संपूर्ण जीनोम वाचून दोन रुग्ण आणि एक कारखाना एका साखळीत जोडता येतात, हे फार मोठं साधन आहे. अमेरिकेत १९९६ मध्ये पल्सनेट हे साथींचा माग काढणाऱ्या प्रयोगशाळांचं जाळं सुरू झालं तेव्हा हे काम जिवाणूंच्या डीएनएच्या जेलवरच्या पट्ट्या जुळवून चालायचं. तेव्हा पट्ट्यांत पारंगत झालेल्यांना पुढं सगळं नव्यानं शिकावं लागलं. प्रश्न धरून ठेवला की साधन बदलता येतं. तुमच्या जागी मी तीन गोष्टी पहिल्या वर्षीच पक्क्या केल्या असत्या: हातानं कल्चर करणं, संख्याशास्त्र, आणि कारखान्यात एक आख्खी रात्रपाळी, यंत्रं धुतात तेव्हाची. लिस्टेरिया वर्षानुवर्षं टिकतो तो ड्रेनमध्ये, माल वाहणाऱ्या पट्ट्याच्या रोलरच्या पोकळीत, चिरलेल्या रबरी सीलखाली. गुडघ्यावर बसून तिथं स्वॅब (नमुना पुसून घ्यायचा बोळा) फिरवल्याशिवाय प्रबंधातला 'बायोफिल्म' (पृष्ठभागाला चिकटलेला जिवाणूंचा थर) हा शब्द कागदीच राहतो. जिवाणू कुठल्या तापमानाला किती वेगानं वाढतो याचा कॉमबेस नावाचा मोफत डेटाबेस आहे, तोही आत्ताच उघडून खेळायला घ्या.

शिकवणं आणि संशोधन एकत्र जमतं, पण सेमिस्टर संपत आलं की जमत नाही. विद्यार्थ्यांच्या प्रॅक्टिकलच्या ऐंशी वह्या तपासताना माझा कुठलाही लेख कधी पुढं सरकलेला नाही. तरी शिकवण्याला ओझं समजणारे सहकारी मला कळत नाहीत. माझे दोन चांगले प्रकल्प विद्यार्थ्यांच्या भाबड्या प्रश्नांतून निघाले. साथीच्या तासाला मी व्याख्यान देत नाही. जेवलेल्यांची यादी, कुणी काय खाल्लं आणि कोण आजारी पडलं, एवढंच हातात ठेवते. पहिल्या दहा मिनिटांत वर्ग सगळ्यात जास्त आजाऱ्यांनी खाल्लेला पदार्थ पकडतो. मग कुणाच्या तरी लक्षात येतं की तो तर न आजारी पडलेल्यांनीही खाल्लाय. तिथून पुढं मला बोलावं लागत नाही. प्रॅक्टिकलला अर्थात खरा रोगकारक देत नाही, त्याचा निरुपद्रवी भाऊ लिस्टेरिया इनॉक्युआ देते. छत्री त्यालाही उघडते.

कंपन्यांचं. त्यांच्याशिवाय हे संशोधन होत नाही, कारण ड्रेन त्यांचे आहेत. सुरुवातीच्या काळात एका कारखान्यात आम्ही वर्षभर नमुने घेतले. निकाल त्यांना गैरसोयीचे निघाले आणि करारात प्रकाशनाबद्दल एक ओळही नव्हती. तो लेख आजही माझ्या कपाटात आहे, आणि त्यावर काम केलेल्या विद्यार्थिनीला प्रबंधातलं एक प्रकरण दुसऱ्या डेटावर पुन्हा लिहावं लागलं. चूक माझीच, सही करण्याआधी मी वाचलं नव्हतं. तेव्हापासून दोन गोष्टी लिहून घेतल्याशिवाय स्वॅब उघडत नाही. कारखान्याचं नाव लपवू, पण निकाल ठरल्या मुदतीत छापू. आणि नमुना पॉझिटिव्ह आला तर कुणाला, किती तासांत कळवायचं, हे आधीच ठरवायचं. हे दुसरं जास्त महत्त्वाचं. तो माल कुणाच्या तरी ताटाकडं निघालेला असतो.

प्रतिष्ठेबद्दल फार बोलत नाही. आमच्या संशोधन-नियतकालिकांचे इम्पॅक्ट फॅक्टर (त्यातल्या लेखांचा इतर लेखांत सरासरी किती उल्लेख होतो तो आकडा) तुमच्या मित्रांच्या नियतकालिकांपेक्षा कमी असतात, आणि बढतीच्या समितीत हे कधीकधी जाणवतं. दुसरीकडं जागतिक आरोग्य संघटनेचा २०१५ चा अंदाज बघा: दूषित अन्नामुळं वर्षाला ६० कोटी लोक आजारी पडतात आणि ४ लाख २० हजार मरतात, त्यात सव्वा लाख पाच वर्षांखालची मुलं. माझ्या विद्यार्थ्यांपैकी प्राध्यापक थोडेच झाले. बरेच जण संदर्भ प्रयोगशाळांत, नियामक यंत्रणांत आणि कारखान्यांच्या गुणवत्ता विभागांत आहेत, म्हणजे कायम जागा मिळाली नाही तरी दार बंद होत नाही. पण थंडीत, ओल्या फरशीवर, वासात काम करणं सोसणार नसेल, किंवा आठवडाभर थांबून 'काही नाही' हे उत्तर आलं की चिडचिड होत असेल, तर मित्रांचं ऐका. यात कमीपणा नाही.

होकार देण्याआधी एकदा त्या लॅबमध्ये जा. यंत्रं दाखवतील, ती बघा. मग एखाद्या जुन्या विद्यार्थ्याची रोजची वही मागा आणि निगेटिव्ह कंट्रोलच्या (नमुना न घालता लावलेल्या, जिथं काहीच वाढू नये अशा चाचणीच्या) रकान्यावरून बोट फिरवा. वर्षभर सगळीकडं 'वाढ नाही' असेल तर जरा विचारा. कुठंतरी 'वाढ दिसली, बॅच टाकून दिली, पुन्हा केलं' असं त्याच पेनानं लिहिलेलं सापडलं, तर गाईडना भेटायची वेळ घ्या.