पॉझिटिव्ह आली, मग पुढे?

प्रिय डॉक्टर,

अनेक आशीर्वाद.

प्राथमिक आरोग्य केंद्रात राहूनच कॅन्सर लवकर सापडण्यावर संशोधन करायचं ठरवलंस, याचा मनापासून आनंद झाला. आराखडा वाचला. त्यात ‘किती केसेस सापडल्या’ हेच मुख्य माप धरलं आहेस. ते आधी बदल.

त्यासाठी गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या तपासणीची उस्मानाबादची, म्हणजे आताच्या धाराशिवची ट्रायल आकड्यांसकट वाच. १९९९ मध्ये सुरू झालेल्या या कामात गावांचे ५२ गट होते आणि ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया. एका गटाची एचपीव्ही तपासणी (या कॅन्सरला कारणीभूत विषाणूची), दुसऱ्याची पॅप (गर्भाशयमुखाच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली बघणं), तिसऱ्याची व्हीआयए (ॲसेटिक ॲसिड लावून पांढरा डाग उमटतो का ते डोळ्यांनी बघणं), आणि चौथ्याला नेहमीची सेवा. निष्कर्ष २००९ मध्ये आले. गर्भाशयमुखाचे कॅन्सर एचपीव्ही गटात १२७ आणि नेहमीच्या सेवेच्या गटात ११८ निघाले. गटांचा आकार थोडा कमीजास्त होता, तरी नुसत्या केसेस मोजल्या असत्या तर तपासणी वाया गेली असंच वाटलं असतं. पण दुसऱ्या किंवा त्यापुढच्या स्टेजला सापडलेले होते ३९ विरुद्ध ८२, आणि मृत्यू ३४ विरुद्ध ६४. सगळा अर्थ या दोन ओळींत आहे. म्हणून तुझ्या फॉर्मवर स्टेजचा रकाना सक्तीचा कर. ‘स्टेज माहीत नाही’ असे कागद वाढायला लागले, तर नाव नोंदवणं थांबवून आधी त्याचं कारण शोध.

‘निदानानंतर किती वर्षं जगले’ हे मापही घेऊ नकोस. मुंबईत तालीम घेतलेल्या आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने स्तनतपासणी केली, त्या २० वर्षांच्या ट्रायलमध्ये तपासणी गटातलं निदान सरासरी सुमारे सव्वा वर्ष लवकर झालं. मृत्यूची तारीख तसूभर हलली नसती, तरी निदानानंतरचं आयुष्य कागदावर तेवढं लांबलेलं दिसलं असतं. त्यांनी मृत्युदर मोजला, म्हणून खरं कळलं: पन्नाशी आणि त्यापुढच्या स्त्रियांत मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी, पन्नाशीच्या आत फारसा फरक नाही. तुझ्या दोन-तीन वर्षांच्या कामात मृत्युदर मोजता येणार नाही. मग निदानाची स्टेज आणि तपासणीपासून उपचार सुरू होईपर्यंतचे दिवस, ही दोन मापं घे आणि त्यांच्यावर ठाम राहा.

आता पॉझिटिव्ह निकालाचा अर्थ. समज, १०,००० लोकांत ३० जणांना आजार आहे आणि टेस्ट दोन्ही बाजूंनी ९० टक्के अचूक आहे. ती ३० पैकी २७ जणांना पकडेल, पण निरोगी ९,९७० मधल्या ९९७ जणांनाही पॉझिटिव्ह म्हणेल. म्हणजे १,०२४ पॉझिटिव्हमध्ये खरे फक्त २७. मोठ्या हॉस्पिटलातल्या ओपीडीत उत्तम ठरलेली टेस्ट गावात अशी का वागते, ते यावरून कळेल. त्या ९९७ जणांचं काय करायचं, त्यांना तालुक्याला कोण नेणार, बुडालेल्या मजुरीचं काय, हे आराखड्यात लिहिलं नसेल तर एथिक्स कमिटीने तो परत पाठवावा असंच मी म्हणेन.

माझ्या मते तुझ्या संशोधनाचा खरा विषय हाच आहे. आपल्याकडे टेस्टची उणीव कमी आणि टेस्टनंतरच्या वाटेची जास्त आहे. उपकेंद्रात पॉझिटिव्ह, मग ग्रामीण रुग्णालय, मग सिव्हिल, मग बायोप्सी, मग रिपोर्ट, मग उपचार. प्रत्येक टप्प्याला तारीख लिही आणि किती जणी कुठे गळाल्या ते मोज. पहिल्या लक्षणाची तारीख कुणाला आठवत नाही. ‘पोळ्याच्या आधी की नंतर? आखाडीला होतं का?’ असं विचारलंस तर महिना नक्की सापडतो. आणि मराठवाड्यात दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला गेलेली माणसं उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. ऑक्टोबरमध्ये तपासणी ठेवलीस तर पॉझिटिव्ह आलेली बाई रिपोर्ट यायच्या आत कारखान्यावर गेलेली असेल. मे-जूनमध्ये तपास, म्हणजे पुढच्या टप्प्यांना चार महिने हातात राहतील.

व्हीआयए वापरणार असशील तर छोट्या गोष्टींकडे दुर्लक्ष नको. ९५ मिली डिस्टिल्ड वॉटरमध्ये ५ मिली ग्लेशियल ॲसेटिक ॲसिड घालायचं. ॲसिड पाण्यात, पाणी ॲसिडमध्ये कधीच नाही. बाटलीवर तारीख टाकायची आणि संध्याकाळी उरलेलं फेकायचं. न पातळ केलेलं ॲसिड चुकून लागलं तर भाजतं, म्हणून मूळ बाटली तपासणीच्या टेबलाजवळ ठेवायचीच नाही. लावल्यावर घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट थांबायचं. गर्दीच्या दिवशी हेच मिनिट वीस सेकंदांवर येतं आणि पांढरा डाग उमटायच्या आत निगेटिव्ह लिहिलं जातं. उजेड पांढरा आणि प्रखर हवा. पिवळ्या बल्बखाली फिकट डाग दिसत नाही. पाळी गेलेल्या स्त्रियांत बघायची ती दोन प्रकारच्या पेशींमधली सीमारेषा पिशवीच्या तोंडाच्या आत सरकलेली असते, तिथे व्हीआयएवर विसंबू नकोस. ज्यांची पिशवी काढली आहे त्यांची नोंद वेगळी ठेव. बीडमधल्या ऊसतोड महिलांच्या या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये विधिमंडळात गाजला होता. अशा भागात हा रकाना नसेल तर टक्केवारी काढताना तुझा छेदच चुकेल.

उस्मानाबादेत एकदाच केलेल्या व्हीआयएने मृत्यू लक्षणीय घटले नाहीत. मुंबईत मात्र दर दोन वर्षांनी, चार फेऱ्या केल्यावर मृत्युदर ३१ टक्क्यांनी उतरला. दोन्हीकडची परिस्थिती वेगळी होती, पण फेऱ्यांचा फरक मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. एकाच शिबिराच्या जोरावर निष्कर्ष काढू नकोस.

तोंडाच्या तपासणीत आधी कवळी काढायला सांग. मग ओठ, दोन्ही गालांची आतली बाजू, हिरड्या, शेवटच्या दाढेमागची जागा, जीभ गॉजने धरून दोन्ही कडा, जिभेखालचा भाग, टाळू, हाच क्रम रोज. मग ग्लोव्ह घातलेल्या बोटाने चाचपणं आणि गळ्याच्या गाठी. दोन आठवड्यांत न भरलेली जखम म्हणजे मोठ्या रुग्णालयासाठी चिठ्ठी द्यायचीच. प्रश्न विचारताना ‘तंबाखू खाता का?’ एवढ्यावर थांबू नको. मशेरी लावणारी बाई त्याला ‘नाही’ म्हणेल आणि खोटं बोलली असंही होणार नाही. गुटखा, मावा, मशेरी, तपकीर, प्रत्येकाचं नाव घे. केरळातल्या तिरुवनंतपुरमच्या ट्रायलमध्ये मृत्यू घटल्याचं ठामपणे दिसलं ते तंबाखू-दारूचं सेवन असणाऱ्यांतच, सुमारे ३४ टक्क्यांनी. इथे ‘नाही’ असं चुकीचं लिहिलं गेलं तर नेमका तोच माणूस निसटतो.

सँपलसाईझचं, म्हणजे अभ्यासात किती जणी लागतील याचं गणितही दुरुस्त कर. तू गावं निवडते आहेस, माणसं नाही, आणि एका गावातली माणसं एकमेकांसारखी असतात. गावात २०० जणी आणि साम्याचा गुणांक ०.०२ धरला तरी १९९ गुणिले ०.०२ अधिक १, म्हणजे जवळपास पाचपट संख्या लागते. दोन आरोग्य केंद्रांची तुलना करून तर काहीच सिद्ध होणार नाही, मग नावं कितीही असोत.

काहीच तपासणी न करण्याचा गट आज ठेवू नकोस. या जुन्या ट्रायल्सवर त्याच मुद्द्यावरून गंभीर आक्षेप घेतले गेले आणि ते मला पटतात. दोन्ही बाजूंना तपासणी दे, फरक पुढच्या वाटेत ठेव: एकीकडे नुसती चिठ्ठी, दुसरीकडे ठरलेली तारीख, सोबत आशाताई आणि भाड्याचे पैसे. बार्शीच्या ग्रामीण कॅन्सर नोंदणीत, जी १९८७ पासून गावोगाव जाऊन चालते, कार्यकर्त्यांनी लोकांना लक्षणं समजावून सांगितली. पुढच्या वर्षांत गर्भाशयमुखाचे कॅन्सर लवकरच्या स्टेजला येऊ लागले. पाळी गेल्यावर पुन्हा अंगावर जाणं, संबंधानंतर रक्त दिसणं, हे सिस्टरने कोणत्या शब्दांत विचारायचं ते लिहून काढ आणि आधी दहाजणींसमोर वाचून बघ.

सीटीआरआयवर, म्हणजे ट्रायल्सच्या सरकारी नोंदवहीत, नोंदणी पहिलं नाव घालण्याआधी. आणि आराखडा पुन्हा पाठवण्यापूर्वी पॅथॉलॉजिस्टला जाऊन भेट. आठवड्याला तुझ्या किती बायोप्सी ते वाचू शकतील, तो आकडा त्यांच्या तोंडून घे आणि दर आठवड्याला किती जणींना तपासणीला बोलवायचं ते त्यावरून ठरव.

तुझा,
सर