दाढ काढल्यावर जपायची ती गुठळी

प्रश्न : आई ६२ वर्षांची आहे. तिची खालची दाढ किडली आहे, डॉक्टरांनी काढायला सांगितलं आहे. तिला मधुमेह आहे, अ‍ॅस्पिरिनची ७५ मिलिग्रॅमची गोळी चालू आहे आणि ती दिवसातून दोनदा मिश्री लावते. शेजारच्या काकू म्हणतात, दाढ काढली की नजर कमी होते. काय काळजी घ्यावी? – एक वाचक, धायरी, पुणे

उत्तर : नजरेची भीती आधी मनातून काढा. दाढेची नस वेगळी, दृष्टीची वेगळी. दाढ काढल्याने नजर कमी होत नाही.

अ‍ॅस्पिरिन आपल्या मनाने बंद करू नका. एका दाढेसाठी ती सहसा चालूच ठेवतात. रक्त थोडा जास्त वेळ येतं, पण दाबून थांबतं. गोळ्यांची सगळी चिठ्ठी आणि साखरेचा ताजा रिपोर्ट मात्र सोबत न्या. वेळ सकाळची घ्या. नाश्ता आणि मधुमेहाची गोळी रोजच्यासारखी होऊ द्या. उपाशी नेलं आणि नंतर बधिर तोंडाने खाता आलं नाही, तर साखर उतरते.

इंजेक्शननंतर ५-१० मिनिटांत अर्धा ओठ आणि जीभ जड होते. दाब आणि करकर जाणवेल, कळ येऊ नये. आलीच तर आईंनी हात वर करावा, भूल वाढवता येते. दाढेखाली पू असेल तर भूल नीट चढत नाही, म्हणून कधी कधी आधी सूज उतरवावी लागते.

खरी काळजी त्यानंतरची. खड्ड्यात रक्ताची गुठळी धरते आणि तिच्याखाली जखम भरते. कापसाचा बोळा ३०-४५ मिनिटं घट्ट चावून ठेवायचा, सारखा काढून बघायचा नाही. लाळ गिळायची. पहिले २४ तास थुंकणं, चूळ भरणं, स्ट्रॉने पिणं नको. त्या ओढीने गुठळी निघते. मिश्रीने दुहेरी नुकसान होतं : बोटाने चोळताना गुठळी हलते आणि तंबाखूमुळे जखमेकडचं रक्त कमी होतं. निदान आठवडाभर तरी ती बंद हवीच. हे आईंना आदल्या दिवशीच नीट समजावून सांगा.

गुठळी निघाली तर दोन-तीन दिवसांनी कानापर्यंत ठणका लागतो. तेव्हा घरी लवंगेचं तेल घालत बसू नका. दवाखान्यात खड्डा धुऊन औषधाची पट्टी भरतात, त्याने आराम पडतो.

बधिरपणा दोन-तीन तास राहतो, तोवर गरम चहा नको. भाजलेलं कळत नाही. मग गार, मऊ ताकभात चालेल. दुसऱ्या दिवसापासून पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून ते तोंडात धरायचं आणि हलकेच सोडून द्यायचं, खळखळून नाही. अ‍ॅस्पिरिन चालू असल्याने घरातली आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक देऊ नका; दुखण्यावर पॅरासिटामॉल चालेल का ते डॉक्टरांना विचारून घ्या.

बोळा पुन्हा तासभर दाबूनही रक्त वाहत राहिलं किंवा ताप आला, तर लगेच फोन करा. गिळताना किंवा श्वास घेताना त्रास होऊ लागला, सूज गळ्याकडे पसरली, तर रात्र असली तरी थेट रुग्णालयात न्या.