खुर्ची जागेवर, मग पोटात गोळा का?

प्रश्न : यंदा गड्ड्याच्या यात्रेत नातवाच्या हट्टापायी होम मैदानावरील एका स्टॉलवर ‘व्हीआर’चा (म्हणजे आभासी दृश्य दाखवणारा) चष्मा डोळ्यांवर चढवला. साध्या खुर्चीत बसलो होतो, तरी चित्रातली गाडी उतारावरून सुटताच पोटात गोळा आला आणि नंतर बराच वेळ गरगरत होते. हा डोळ्यांचा विकार समजावा काय? आमचा यंत्रमागांचा व्यवसाय आहे. नवे कामगार शिकवण्यासाठी या तंत्राचा उपयोग होईल, की हे नुसते खेळणे आहे?
– एक यंत्रमागधारक, सोलापूर

उत्तर : हा विकार नव्हे. आपला तोल सांभाळणारी यंत्रणा कानाच्या आतल्या भागात असते. डोळे ‘आपण खाली कोसळतो आहोत’ असे सांगत असताना कान ‘आपण जागेवरच आहोत’ असे सांगतो, आणि या विसंगतीमुळे मळमळते. अक्कलकोटच्या एस.टी.त वर्तमानपत्र वाचताना होते तेच, फक्त उलट्या बाजूने. तिथे कानाला हालचाल कळते आणि डोळ्यांसमोरचा कागद स्थिर असतो. त्यात मान वळल्यावर चित्र बदलायला उशीर झाला, तर त्रास वाढतो. हा उशीर साधारण २० मिलिसेकंदांच्या आत असावा लागतो आणि स्वस्तातल्या संचांना ते बहुधा जमत नाही. गरगरू लागताच डोळे मिटून चष्मा काढावा.

दोन डोळ्यांना किंचित वेगळी चित्रे दाखवून जवळ-दूरपणाचा भास निर्माण करण्याची युक्ती ब्रिटिश शास्त्रज्ञ चार्ल्स व्हीटस्टन यांनी १८३८ मध्येच मांडली होती. डोके वळेल तसे दृश्यही वळावे, ही भर पुढची. अमेरिकी संगणकशास्त्रज्ञ इव्हान सदरलँड यांनी १९६८ मध्ये असे उपकरण दाखवले, पण ते इतके जड होते की छताला टांगावे लागे. मोबाईलमुळे बारीक पडदे आणि हालचाल ओळखणारे संवेदक स्वस्त झाले, तेव्हा कुठे हा चष्मा यात्रेतल्या स्टॉलपर्यंत पोचला.

खेळण्यापलीकडे उपयोग नक्कीच आहेत. भाजलेल्या रुग्णांचे ड्रेसिंग चालू असताना त्यांना बर्फाच्या आभासी प्रदेशात गुंतवून ठेवले, तर वेदना कमी जाणवतात, असे वॉशिंग्टन विद्यापीठातील संशोधकांना आढळले आहे. शल्यचिकित्सेचा सराव आणि उंचीच्या भीतीवरील उपचार यांसाठीही हे तंत्र वापरले जाते. जिथे खरी चूक महागात पडते, तिथे ते कामी येते.

आता आपल्या मागाविषयी. ताण्यातला (मागावरच्या उभ्या धाग्यांतला) तुटलेला धागा सांधताना कारागीर बोटांच्या चिमटीत सुताचा ताण जोखतो. हा स्पर्श चष्म्यातून मिळत नाही, कारण हातातले नियंत्रक फार तर थरथरतात. त्यामुळे गाठ मारणे जुन्या कारागिराशेजारी उभे राहूनच शिकावे लागेल. मात्र धोटा (आडवा धागा नेणारा भाग) उसळून बाहेर आला तर कुठे सरकायचे, शॉर्टसर्किट होऊन सुताच्या कचऱ्याने पेट घेतला तर आधी कोणता स्विच बंद करायचा, या गोष्टी प्रत्यक्ष घडवून शिकवता येत नाहीत. त्या आभासात दहा वेळा गिरवता येतात.

खर्चाचे म्हणाल तर चष्म्यापेक्षा आपल्याच कारखान्याचे हुबेहूब दृश्य तयार करून घेणे महाग पडते. (विक्रेते हे शेवटी सांगतात.) म्हणून आधी चहूबाजूंचे चित्रण करणारा कॅमेरा एका पाळीपुरता भाड्याने आणावा, मागांमधल्या बोळात उभा करावा आणि ते चित्रण दोन-तीन नव्या मुलांना चष्म्यातून दाखवून पाहावे.