होडीचं दुखणं आणि गिर्येची गोदी

प्रश्न : आजोबांची सागवानी होडी गावी, विजयदुर्गच्या खाडीकाठी, आठ वर्षं माडांखाली पडून आहे. फळ्यांच्या सांध्यांत करंगळीचं नख सहज जातं. भाऊ म्हणतो, फोडून लाकूड विकू. मला ती पुन्हा पाण्यात बघायची आहे. शक्य आहे का? आजोबा म्हणायचे, ‘गिर्येच्या गोदीत जहाजं बरी व्हायची.’ तिथे नेमकं काय चालायचं, तेही सांगाल का?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : ताई, भावाला थोडं थांबायला सांगा. नखाएवढ्या फटीने होडी मरत नाही. आठ उन्हाळे खाल्लेलं लाकूड आकसलंय, पाणी प्यायलं की फुगेल. भीती असते ती आतून पोखरलेल्या फळीची. मोगरीने होडीच्या पोटावर वीतवीत अंतर ठेवून ठोकत जा. खणखणीत आवाज आला तर लाकूड जिवंत आहे. भद्द आवाज आला की तिथे खडूने खूण करा आणि जाड दाभण टोचून बघा. लोण्यात शिरावी तशी दाभण आत गेली, तर ती फळी बदलायची. तळाच्या कण्याचीच अशी गत असेल तर मात्र खर्च फार होईल, तेव्हा कणा सगळ्यात आधी तपासा.

आणि कृपा करून फटी आत्ताच बुजवू नका. ही चूक मी स्वतः उमेदवारीत केली आहे. भर मे महिन्यात एका होडीचे सांधे मी कापूस ठासून घट्ट भरले, वरून राळ ओतली. काम इतकं सुबक झालं की बघायला माणसं यायची. होडी पाण्यात गेली, फळ्या फुगल्या, आणि कापसाने जागाच ठेवली नसल्यामुळे त्या एकमेकींना रेटायला लागल्या. रात्री खिळे ओढले गेल्याचा करकर आवाज मी किनाऱ्यावरून ऐकला. सकाळी दोन फळ्या वाकावरून सुटलेल्या होत्या. म्हणून तुमच्या होडीत आधी ओली गोणपाटं अंथरा, पंधरा-वीस दिवस ती ओली ठेवा. फटी जेवढ्या मिटायच्या तेवढ्या मिटू द्या. उरलेल्या फटीत तेलात भिजवलेला कापूस बोथट पटाशीने हलक्या हाताने बसवा. बाहेरून तेलाचे दोन हात द्या. आमच्याकडे मुशीचं, म्हणजे शार्क माशाचं, तेल लावत. वास चार दिवस अंगाला राहतो, पण लाकडात ते खोल मुरतं.

आता गोदी. आजोबांचा ‘बरी व्हायची’ हा शब्द अगदी बरोबर आहे. गोदी म्हटलं की लोकांना वाटतं, तिथे जहाजं बांधत. बांधतही असत, पण गोदीवाचून ज्याचं अडतं ते काम म्हणजे पाण्याखालच्या भागाची दुरुस्ती. किल्ल्यापासून साधारण तीन-चार किलोमीटरवर, वाघोटन खाडीच्या काठी, काही भाग कातळ कोरून आणि काही भाग दगडाने बांधून ती केलेली आहे. लांबी सुमारे 350 फूट, रुंदी सुमारे 225 फूट. आंग्र्यांचं आणि पुढे पेशव्यांचे आरमारप्रमुख धुळप यांच्या हाताखालचं आरमार याच खाडीत असे. आज गोदीत गाळ भरलाय. पण काठावर उभं राहिलं की एवढ्या रुंदीत गुराबा, म्हणजे तोफांची मोठी लढाऊ जहाजं, शेजारी शेजारी कशा उभ्या राहत असतील, ते डोळ्यांपुढे येतं.

तिथलं सगळं काम भरतीवर चाले. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी सगळ्यात वर चढतं, तेव्हा जहाज आत घ्यायचं आणि दोन्ही बाजूंनी लाकडी टेकू द्यायचे. ओहोटीला पाणी उतरलं की अख्खं पोट उघडं. मग शेवाळ आणि कालवं खरवडायची, सडकी फळी काढून नवी बसवायची, सांधे भरायचे, तेल द्यायचं. सहाएक तासांत भरती परत येते, म्हणून हत्यारं आधीच धार लावून मांडलेली हवीत. हा नियम आम्ही अजून पाळतो. मोठं काम एका ओहोटीत उरकत नाही. ते रोज थोडं थोडं करायचं आणि पुढच्या उधाणाला जहाज बाहेर काढायचं.

एवढा खटाटोप कशासाठी, तर लाकूड पोखरणाऱ्या किड्यासाठी. त्याला किडा म्हणतात खरं, पण तो शिंपल्याच्या जातीचा जीव. बाहेरून टाचणीएवढं भोक दिसतं आणि आत बोटभर जाडीची बोगदी असते. खाऱ्या पाण्यात तो फोफावतो. गोड पाण्यात किंवा कोरड्यावर बरेच दिवस ठेवला की मरतो. पावसाळ्यात होड्या ओढून झावळ्यांनी शाकारायच्या, ही आपली रीत वादळापासून वाचवते आणि या किड्यापासूनही. तुमच्या होडीची आठ वर्षं या बाबतीत फुकट गेलेली नाहीत. नवी कीड तिला लागलेली नसणार.

1756 च्या फेब्रुवारीत इंग्रजांच्या तोफांनी तुळाजी आंग्र्यांचं आरमार याच बंदरात जळालं. मला त्या आगीबद्दल वाचवत नाही. एकेका गुराबेमागे किती सुतारांचे हात असतात, ते मी जाणतो.

प्रश्न : ‘कौंडिण्य’ हे शिवलेलं जहाज अजिंठ्याच्या चित्रावरून केलं म्हणतात. काथ्याने शिवलेलं लाकूड समुद्रात टिकतं?
— एक वाचक, संभाजीनगर

उत्तर : टिकतं. मे 2025 मध्ये कारवारला ते नौदलात दाखल झालं. अजिंठ्याच्या चित्रात जहाजाचा आकार दिसतो, शिवण कशी घालायची ते केरळच्या कारागिरांच्या हातात होतं. मालवणकडे रांपणीच्या, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याच्या, होड्याही काथ्याने शिवत. किनाऱ्यावर लाट आदळली की खिळ्याची होडी ताठ राहते आणि फळीला तडा जातो, शिवलेली होडी जराशी लवते. काथ्या मात्र कुजतो, तेव्हा ठराविक काळाने शिवण उसवून पुन्हा घालावी लागते. जुनी शिवण उसवताना भोकं मोठी होऊ देऊ नयेत, तिथेच खरी कसोटी असते.