इंग्लंडमध्ये या शनिवार-रविवारी अडथळ्यांच्या घोडाशर्यती आहेत. संभाव्य विजेते कसे ओळखावेत?

आधी त्या दिवशीची जमीन किती ओली आहे ते बघा, आणि तशाच जमिनीवर व साधारण तेवढ्याच अंतरावर आधी जिंकलेले घोडे वेगळे काढा. नावाजलेला जॉकी वगैरे नंतर. या शर्यती दोन मैलांपासून चार मैलांच्या पुढेही जातात, त्यामुळे चिखलात दम टिकणं वेगापेक्षा महत्त्वाचं. 'गुड' (फार ओली नसलेल्या) जमिनीवर उडणारा घोडा 'हेवी'वर (खूप ओल्या, चिखलाच्या जमिनीवर) शेवटच्या दोन अडथळ्यांत पार गळून जातो.

मग रेसकार्डवर (शर्यतीच्या माहितीपत्रकावर) घोड्याच्या नावाशेजारची अक्षरं वाचा (सर्वांत ताजी शर्यत उजवीकडे असते): 'एफ' म्हणजे घोडा पडला, 'यू' म्हणजे जॉकी खोगिरावरून उडाला, 'पी' म्हणजे मध्येच थांबवला. अलीकडच्या शर्यतींत ही वारंवार दिसली तर मी तो घोडा सोडतो, पैजेचा भाव कितीही मोहात पाडो. मैदानही बघा. चेल्टनहॅम डावीकडे वळतं आणि शेवटी चढ आहे. केम्प्टन उजवीकडे वळतं आणि सपाट आहे. एकीकडचा राजा दुसरीकडे साधा प्यादा ठरू शकतो. महालक्ष्मीच्या बिनअडथळ्यांच्या शर्यतींचे आडाखे इथे फारसे चालत नाहीत.

मात्र हे सगळं शक्यता वाढवण्यापुरतंच. 1967च्या ग्रँड नॅशनल या प्रसिद्ध अडथळ्यांच्या शर्यतीत 23व्या अडथळ्यापाशी घोड्यांची गर्दी अडकली आणि मागून आलेला फॉइनाव्हॉन हा घोडा वाट काढून 100 ला 1 भावाने (एका रुपयाला शंभर) जिंकला. ते कुठल्याच कार्डवर दिसलं नसतं.