चिलरचं पाणी: वाचकांचे प्रश्न, तज्ज्ञांची उत्तरं

एमआरआय, सीटी, लेझर या यंत्रांना थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या यंत्रणेबद्दल, म्हणजे चिलरबद्दल, सोलापूर शहर आणि जिल्ह्यातून आलेले काही प्रश्न या अंकात घेतले आहेत. उत्तरांतले आकडे अंदाज बांधण्यासाठी आहेत. तुमच्या यंत्राच्या मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तोच धरावा.

अक्कलकोट रोडला आमचं डायग्नोस्टिक सेंटर आहे. १.५ टेस्लाचा एमआरआय आहे. एप्रिल लागल्यापासून दुपारी दोन ते चारच्या दरम्यान गच्चीवरचा चिलर हाय प्रेशरवर ट्रिप होतो. रिसेट केला की थोडा वेळ चालतो, पुन्हा बंद. सर्व्हिसवाला म्हणतो, गॅस भरावा लागेल. भरावा का?

भरू नका. चिलरमधला थंडावा देणारा गॅस कमी झाला असता तर चिलर लो प्रेशरवर ट्रिप झाला असता. तुमच्याकडे नेमकं उलटं आहे. कंडेन्सरमधली (गॅसची उष्णता हवेत सोडणाऱ्या भागातली) उष्णता बाहेर जात नाही, म्हणून प्रेशर चढतंय. त्यात आणखी गॅस घातला तर ते आणखी चढेल.

एअर-कूल्ड चिलरच्या पाटीवरची क्षमता बहुतेक वेळा बाहेरची हवा ३५ अंश धरून लिहिलेली असते. कंडेन्सरमधला गॅस हवेपेक्षा साधारण १२-१३ अंशांनी गरम राहतो. आर-४१०ए गॅस असेल तर ३५ अंशांच्या हवेत प्रेशर ४१० पीएसआयच्या (दाबाचं एकक) आसपास दिसेल. सोलापूरच्या ४३ अंशांत तेच ५०० च्या जवळ जातं. इथपर्यंत यंत्र निभावून नेतं. पण फिन्स (कंडेन्सरवरच्या ॲल्युमिनियमच्या पातळ पट्ट्या) घाणीने भरल्या आणि आणखी सात-आठ अंश वाढले, की प्रेशर ५९० च्या घरात जातं आणि कटआउट (जादा प्रेशरला चिलर बंद करणारा स्विच) आपलं काम करतो. सकाळी चालणारा चिलर दुपारीच का बसतो, त्याचं कारण हेच.

अक्कलकोट रोड म्हटल्यावर आमचा पहिला संशय सुताच्या तंतूंवर आहे. चादरी-टॉवेलच्या यंत्रमागांवरून उडणारे बारीक तंतू फिन्सवर बसतात, त्यावर धूळ चिकटते आणि करड्या रंगाचा नमद्यासारखा थर तयार होतो. लांबून फिन्स स्वच्छच वाटतात. बॅटरी घेऊन तिरक्या प्रकाशात पाहा, किंवा नखाने कोपरा उचलून पाहा. थर अख्खा सुटून हातात आला तर दुखणं सापडलं.

सफाईसाठी पहाटेची वेळ धरा. चिलर बंद केला की एमआरआयच्या चुंबकाला थंड ठेवणाऱ्या हेलियम कॉम्प्रेसरचं पाणीही बंद होतं. म्हणून आधी एमआरआयच्या इंजिनिअरला कळवा, पर्यायी पाणी असेल तर त्यावर वळवा आणि तासाभरात काम उरका. आयसोलेटर (विजेचा मुख्य स्विच) बंद करून कुलूप घाला. पॅनल आणि पंख्याच्या मोटरींवर प्लॅस्टिक बांधा. सुरुवातीला कोरड्या मऊ ब्रशने, फिन्सच्या उभ्या रेषेतच, थर काढा. आडवा ब्रश फिरला की फिन्स वाकतात. त्यानंतर साध्या नळीने, कमी दाबाने, आतून बाहेर पाणी मारा. पंखा हवा बाहेरून आत ओढतो, म्हणून घाण बाहेरच्या बाजूला असते. बाहेरून पाणी मारलं तर ती आत ठासली जाते. गाड्या धुण्याचा प्रेशर पंप आणि ॲसिड, दोन्ही वर्ज्य. तुमच्या भागात मार्च ते जून दर पंधरवड्याला आणि इतर वेळी दोन महिन्यांनी ही सफाई हवी.

फिन्स स्वच्छ असूनही ट्रिप होत असेल तर पंख्यांची दिशा पाहा. लाइनचं काम झाल्यावर फेज उलटसुलट लागले आणि फेज रिले (उलटे फेज ओळखून यंत्र थांबवणारा) बिघडलेला असला, तर थ्री-फेज पंखे उलटे फिरतात. शेजारच्या एसीची गरम हवा चिलरच्या तोंडावर येते का, तेही पाहा. सावलीसाठी चिलरवर पत्रा टाकला असेल तर आधी तो काढा. वर फेकलेली गरम हवा पत्र्याला आपटून पुन्हा फिन्समध्ये शिरते. सावली करायचीच तर पश्चिमेकडून, हवेला मोकळी वाट ठेवून करा.

फिन्सवर पाण्याची फवारणी हा उपाय इथे सर्रास दिसतो आणि आमचा त्याला ठाम विरोध आहे. बोअरच्या पाण्यातले क्षार गरम ॲल्युमिनियमवर पांढरे होऊन बसतात आणि पुढे ते ब्रशनेही निघत नाहीत.

टाकीत दर महिन्याला दोन-तीन लिटर पाणी घालावं लागतं. आमचा माणूस नळाचं घालतो. त्याऐवजी गाडीचं हिरवं कूलंट चालेल का? आणि पंढरपुरात कुठे बर्फ पडतो, मग ग्लायकॉल (पाणी गोठू न देणारं रसायन) हवंच कशाला?

बर्फ बाहेर पडत नसला तरी चिलरच्या आत होऊ शकतो. प्रवाह कमी झाला की इव्हॅपोरेटरच्या (गॅस जिथे पाणी थंड करतो त्या भागाच्या) पत्र्याजवळचं पाणी शून्याखाली जाऊ शकतं आणि गोठलेलं पाणी पत्रा फाडतं. मग पाणी गॅसच्या बाजूला शिरतं आणि कॉम्प्रेसरसकट सगळंच जातं. दुसरं कारण गंजाचं. औद्योगिक ग्लायकॉलमध्ये गंजरोधक मिसळलेले असतात. तिसरं, २५-३० टक्क्यांच्या वर ग्लायकॉल असेल तर शेवाळ आणि जंतू वाढत नाहीत. २० टक्क्यांच्या खाली मात्र तेच ग्लायकॉल जंतूंचं खाद्य होतं. पाण्याला आंबूस वास आणि जाळीत बुळबुळीत गाळ ही त्याची खूण.

गाडीचं कूलंट नको. त्यातल्या काही प्रकारांत सिलिकेट असतात. ते जेलीसारखे साकळून बारीक मार्गांत अडकतात आणि पंपाचं सील खातात. मॅन्युअलमध्ये सांगितलेलंच ग्लायकॉल, सहसा ३० ते ४० टक्के, डिस्टिल्ड किंवा डीआयोनाइज्ड पाण्यात मिसळून वापरा. दोन कंपन्यांची कूलंट एकत्र करू नका. रंग सारखा असला तरी आतली रसायनं वेगळी असतात.

नळाच्या पाण्याचा हिशेब असा. समजा यंत्रणेत २०० लिटर द्रव आहे आणि ग्लायकॉल ३५ टक्के, म्हणजे ७० लिटर. वर्षभरात ३० लिटर गळून गेले आणि तेवढं साधं पाणी पडलं, तर ग्लायकॉल सुमारे ३० टक्क्यांवर येतं. पुन्हा ३५ वर आणायला साधारण १४ लिटर द्रव काढून तेवढंच शुद्ध ग्लायकॉल घालावं लागेल. हे रिफ्रॅक्टोमीटरवर (द्रवातल्या ग्लायकॉलचं प्रमाण दाखवणाऱ्या उपकरणावर) मोजूनच करा आणि मीटर तुमच्याच ग्लायकॉलचा असू द्या. प्रॉपिलीन आणि इथिलीनची पट्टी वेगळी असते.

पण खरा प्रश्न गळतीचा आहे. बंद यंत्रणेत दर महिन्याला दोन-तीन लिटर कमी होता कामा नयेत. पंपाच्या सीलखाली, होजच्या क्लिपांपाशी, व्हॉल्व्हच्या दांड्याशी चिकट रंगीत डाग शोधा. पाणी उडून जातं, ग्लायकॉलचा डाग राहतो. इथिलीन ग्लायकॉल विषारी आणि चवीला गोड असतं. सांडलेलं लगेच पुसा, काढलेलं गटारात न ओतता झाकणबंद कॅनमध्ये ठेवून रसायनांचा कचरा घेणाऱ्यांकडे द्या.

बार्शीला रात्री तासन्‌तास लाइट जाते. आमचा जनरेटर फक्त वॉर्ड आणि ओटीला आहे. एमआरआय रात्री बंदच असतो. तरी चिलर चालू ठेवायची गरज आहे का?

आहे, आणि रात्रीच जास्त आहे, कारण तेव्हा लक्ष द्यायला कोणी नसतं. स्कॅनिंग थांबलं तरी चुंबक बंद होत नाही. निओबियम-टायटॅनियमची कॉइल उणे २६९ अंशांच्या द्रव हेलियममध्ये बुडालेली असते. हेलियमची वाफ पुन्हा द्रव करण्याचं काम कोल्ड हेड करतं. चुंबकाच्या खोलीत ऐकू येणारी ‘चिक-चिक’ त्याचीच. कोल्ड हेडला चालवणारा हेलियम कॉम्प्रेसर सात-आठ किलोवॅट वीज घेतो आणि ती जवळजवळ सगळी उष्णता होऊन चिलरच्या पाण्यात जाते. पाणी थांबलं की थोड्याच वेळात तो तापून ट्रिप होतो, चिक-चिक थांबते आणि चुंबकाच्या टाकीत दाब चढू लागतो. पुढे रिलीफ व्हॉल्व्ह उघडतो आणि हेलियम जायला लागतं. एका लिटर द्रवाचा सामान्य तापमानाला साधारण ७५० लिटर वायू होतो.

म्हणून चिलर आणि हेलियम कॉम्प्रेसर दोन्ही जनरेटरवर घ्या. जनरेटरची क्षमता चालू करंटवर न ठरवता सुरुवातीच्या करंटवर ठरवा.

तोवर पर्यायी पाण्याची सोय करता येते, फक्त आधी एमआरआय कंपनीच्या इंजिनिअरची संमती घ्या. कॉम्प्रेसरला मिनिटाला साधारण ७-८ लिटर पाणी लागतं. म्हणजे तासाला ४५० लिटरच्या आसपास, ५,००० लिटरची टाकी दहा-अकरा तास पुरते. इथे एक गोष्ट हमखास चुकते. गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी मे महिन्यात ३५ अंशांच्या वर जातं आणि बऱ्याच कॉम्प्रेसरना २८ अंशांच्या पुढचं पाणी चालत नाही. त्यामुळे ती टाकी उन्हाळ्यात कामाची नाही. जमिनीखालच्या हौदातलं पाणी घ्या, त्यासाठी अर्ध्या एचपीचा पंप छोट्या जनरेटरवर ठेवा. जोडणी जाळीच्या फिल्टरमधून असू द्या. नळाला रोज पाणी येत नसेल तर हौदातला हा वाटा वेगळा राखून ठेवा.

व्हॉल्व्हचा क्रम लिहून भिंतीवर लावा. आधी ग्लायकॉलची येणारी आणि जाणारी लाइन बंद, मग पाण्याची लाइन उघडी. परत फिरताना पाणी बंद करून कॉम्प्रेसरमधलं पाणी काढून टाका, नाहीतर ते ग्लायकॉलमध्ये मिसळतं. काम झाल्यावर टक्केवारी तपासा.

वीज आल्यावर चिलर लगेच सुरू झाला नाही तर घाबरू नका. बहुतेकांना तीन ते पाच मिनिटांचं थांबणं घातलेलं असतं. मात्र फेज किंवा फ्लोचा अलार्म लागला असेल तर काही मॉडेल हाताने रिसेट केल्याशिवाय सुरूच होत नाहीत. रात्रपाळीच्या माणसाने चुंबकाच्या खोलीत जाऊन चिक-चिक ऐकलीच पाहिजे. पॅनलवरचा हिरवा दिवा पुरेसा नाही. ऑक्सिजनचा अलार्म (हेलियम पसरून खोलीतला ऑक्सिजन घटल्याची सूचना) वाजत असेल तर मात्र कोणीही आत जाऊ नये. आणि वीज गेली म्हणून चुंबक बंद पडला असं समजून कोणी लोखंडी सिलिंडर आत नेऊ नये, चुंबकत्व तसंच असतं.

एएमसीवाले (देखभालीच्या वार्षिक कराराचे लोक) तीन महिन्यांनी येतात. मधल्या काळात आम्ही रोज काय लिहून ठेवावं?

चिलरमधून निघणाऱ्या पाण्याचं तापमान, परत येणाऱ्याचं तापमान, प्रवाह, पंपाचा दाब, टाकीची पातळी आणि बाहेरचं तापमान. रोज एकाच वेळी, शक्यतो स्कॅन चालू असताना.

प्रवाह गुणिले तापमानातला फरक गुणिले ०.०७ केलं की उष्णता किलोवॅटमध्ये मिळते. मिनिटाला ६० लिटर आणि फरक ५ अंश म्हणजे २१ किलोवॅट. ३५ टक्के ग्लायकॉल असेल तर त्यातून साधारण ८ टक्के वजा करा. फरक वाढत चालला आणि प्रवाह घटत चालला तर स्ट्रेनरची जाळी भरली आहे. प्रवाह ठीक, पण निघणारं पाणीच कोमट, तर दोष गॅसच्या बाजूला किंवा कंडेन्सरमध्ये. दाब जास्त आणि प्रवाह कमी असेल तर पंपाच्या पुढे अडथळा आहे. दोन्ही कमी असतील तर पातळी, हवा किंवा पंप पाहा. गेजचा काटा थरथरत असेल तर हवा शिरली आहे. सर्वांत उंच ठिकाणचा एअर व्हेंट पाणी अखंड येईपर्यंत उघडा आणि नंतर टाकी भरा.

सात रस्ता परिसरात आमचं सीटी सेंटर आहे. पावसाळ्यात गँट्रीकडे (सीटीच्या गोल भागाकडे) जाणाऱ्या पाइपांवरून पाणी ठिबकतं. गळती सापडत नाही.

गळती नसावी, ते हवेतलं बाष्प आहे. खोली २४ अंश आणि आर्द्रता ६० टक्के असेल तर १६ अंशांच्या खालच्या पृष्ठभागावर दव धरतं. खोली २६ आणि आर्द्रता ७५ टक्के झाली की २१ अंशांच्या पाइपलाही घाम फुटतो. चिलरचं सेटिंग मॅन्युअलच्या मर्यादेत एक-दोन अंश वर घ्या. नायट्राइल रबरचं इन्सुलेशन सांध्यांवर चिकटवून पक्कं बंद करा, फटीतून आत गेलेलं बाष्प तिथेच साचतं. रात्री खोलीचा एसी बंद करत असाल तर पावसाळ्यात करू नका. थेंब गँट्रीच्या आत दिसले तर स्कॅन थांबवून इंजिनिअरला बोलवा.

त्वचेच्या क्लिनिकमधल्या डायोड लेझरमध्ये बॅटरीचं पाणी घातलं तर चालेल का? ‘फ्लो एरर’ येतो.

बॅटरीच्या पाण्याचा दर्जा बाटलीगणिक बदलतो. टीडीएस मीटरवर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणाऱ्या) ५ च्या खाली दाखवत असेल तरच घ्या. लेझरमधले पाण्याचे मार्ग केसाएवढे बारीक असतात, क्षार किंवा शेवाळ तिथे आधी अडकतं आणि एरर येतो. यंत्र बंद करून सगळं पाणी काढा, नवीन डिस्टिल्ड पाण्याने दोनदा फिरवून धुवा, फिल्टर बदला, मग भरा. काढलेलं पाणी हिरवट असेल तर पाणी बदलण्याची मुदत निम्म्यावर आणा. एरर तरीही राहिला तर हँडपीस (लेझरचा हातात धरायचा भाग) कंपनीकडे पाठवा, तो घरी उघडू नका. क्लिनिक पंधरा दिवसांहून जास्त बंद राहणार असेल तर पाणी काढून ठेवा.