राखीव रेग्युलेटर कुठे अडकवावा?

प्रश्न: स्कूबा करताना पिवळा ऑक्टोपस (जोडीदाराची हवा संपली तर त्याला श्वासासाठी द्यायचा राखीव रेग्युलेटर) बीसीडीच्या (हवा भरून तरंगणे सांभाळणाऱ्या जॅकेटच्या) खिशात खोचतो, तरी निसटून वाळूत घासतो. काय करावे?

उत्तर: खिसा टाळाच, घाईत जोडीदाराला तो सापडत नाही. हनुवटी आणि खालच्या फासळ्यांमधला छातीचा त्रिकोण ही त्याची जागा. जॅकेटच्या उजव्या बाजूच्या डी-रिंगला (D आकाराच्या कडीला) सिलिकॉनचा होल्डर लावून माउथपीस (तोंडात धरायचा भाग) त्यात बसवा. एका हिसड्यात सुटला पाहिजे. उतरण्याआधी जोडीदारालाच ओढून बघायला सांगा. माउथपीसची झिप-टाय (तो आवळून धरणारी प्लास्टिकची पट्टी) सैल असेल तर रेग्युलेटर हातात येतो आणि माउथपीस होल्डरमध्येच राहतो! ही तपासणी दर वेळी कराच. पाण्यात शिरताना माउथपीसचे तोंड खाली ठेवा, नाहीतर हवा आपोआप सुटू लागते. वाळूचा कण एक्झॉस्ट व्हॉल्व्हखाली (सोडलेला श्वास बाहेर टाकणाऱ्या झडपेखाली) अडकला, तर श्वासाबरोबर पाणी तोंडात येते. म्हणून डाइव्हनंतर गोड्या पाण्याने धुवा, पण पर्ज बटण (रेग्युलेटरमधून हवा सोडणारे बटण) न दाबता.